काळ्या रंगाचे बुडकुले

ज्या काळी माणसांपेक्षा झाडे जास्त होती आणि घर बांधण्याआधी झाडाची परवानगी घ्यावी लागे, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळे राज्य होते. राज्य लहान, पण त्यात जणू चार वेगळी जगे होती. वर उघड्या कातळाचा सडा, त्याखाली उन्हात भाजणारे डोंगरउतार, घळींमध्ये दाट ओली राई, आणि सगळ्यांत खाली खाडीचा खारा चिखल. एका जगातले झाड दुसऱ्या जगात जगत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. प्रत्येक जातीच्या झाडावर त्याच्या कामाची खूण असे. लाकूड देणाऱ्याला गेरूची, फळ देणाऱ्याला चुन्याची, औषधी झाडाला हळदीची आणि माती धरून ठेवणाऱ्याला निळीची. झाड फारच लहान असेल, तर शेजारच्या दगडावर खूण करत. हे काम एकाच माणसाकडे होते. लोक त्यांना शास्त्रीबुवा म्हणत.

शास्त्रीबुवांच्या गुरूंनी त्यांना रंगांची पाच बुडकुली, म्हणजे लहान मडकी, दिली होती. पाचव्यात काजळाचा काळा रंग होता.

"ज्याचं काम तुला कळलं नाही, त्याला काळी खूण कर," गुरू म्हणाले होते. "काळी खूण म्हणजे, थांबा, अजून समजलेलं नाही. त्या झाडाला कुऱ्हाड लागायची नाही."

शास्त्रीबुवा मोठे विद्वान होते. नुसते पान हातात घेऊन ते सांगत, हे झाड कुठले राहणारे. सड्यावरच्या दवबिंदू नावाच्या रोपाला चिकट केस का असतात? कातळात खायला काही नाही, म्हणून ते किडे धरते. उतारावरचा साग उन्हाळ्यात पाने का टाकतो, ऐनाचे झाड आपल्या बुंध्यात पाणी का साठवते, राईतल्या पानांना लांब टोक का असते, खाडीतले तिवराचे झाड चिखलातून मुळे वर काढून श्वास कसा घेते, सगळे त्यांना ठाऊक होते.

पण ते भित्रे होते. आपल्याला खरोखर किती कळते, हा प्रश्न त्यांना सुखाने जेवूही देत नसे. जितके वाचावे तितकी भीती वाढे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका वेलीला काळी खूण केली होती. राजाने भर दरबारात विचारले, "शास्त्रीबुवा, हिचं काम काय?"

"अजून कळलेलं नाही, महाराज."

"मग तुम्ही काय, नुसते रंग ढवळता?"

दरबार हसला. कोणी पागोटे धरून हसले, कोणी मांडीवर थाप मारून. राजा दोन घटकांत ते विसरला. शास्त्रीबुवा तीस वर्षे विसरले नाहीत. त्यानंतर काळे बुडकुले पिशवीत असे, पण त्याचे झाकण कधी उघडले नाही.

तिसाव्या वर्षी राजाच्या मनात सुपारीच्या बागा आल्या. हुकूम सुटला : ज्या झाडावर खूण नाही ते तोडावे, जमीन मोकळी करावी, तिथे पोफळी लावाव्यात.

तेव्हा खुणेवाचून उरलेली एकच जागा होती, काळ्या घळीची राई.

त्या राईत जायला माणसे घाबरत. बारा महिने तिथे गुडघाभर काळा चिखल. त्या चिखलातून झाडांची मुळे वर येऊन वाकत आणि पुन्हा आत जात. वाटे की चिखलाखाली शेकडो माणसे गुडघे वर करून बसली आहेत. वारा लागला तरी तिथली पाने हलत नसत. लोक त्या झाडाला गुडघेवाले म्हणत. त्याला दुसरे नाव नव्हते.

शास्त्रीबुवा पंधरा दिवस त्या राईत गेले. लाकूड पाहिले, ते ठिसूळ. पाला पाहिला, शेळी तोंड लावीना. बी फोडले, त्याला उग्र वास. धनेश पक्षी सोडला तर ते कोणी खात नव्हते. आणि माती धरायला तिथे माती कुठे होती? सगळा चिखलच. रोज ते जात आणि रिकाम्या हाताने परत येत.

घळीच्या खाली चाळीस घरांची वाडी होती. शास्त्रीबुवांची एकुलती एक लेक, वेणू, त्याच वाडीत दिली होती. वाडीला पाणी एकाच झऱ्याचे. झऱ्याला पोफळीची पन्हळ लावलेली, आणि बायका पन्हळीखाली कळशी ठेवून ओवी म्हणत. एक ओवी संपली की कळशी भरलीच. पाऊस असो की वैशाख, एका ओवीत एक कळशी. वाडीत कोणाला याचे नवल वाटत नव्हते.

शेवटच्या दिवशी शास्त्रीबुवा पाय धुवायला झऱ्यावर आले. वेणू पाणी भरत होती.

"बाबा, कशी दिसतायत गुडघेवाली मंडळी?" तिने हसून विचारले. "काय करतात हो ती झाडं?"

"काहीतरी करत असतील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

"तीस वर्षं झाडंच पाहतोय मी!" बुवा एकदम चिडले.

"अहो, मी सहज विचारलं. त्यात एवढं रागवायचं काय?" वेणूने ओवी संपवली. कळशी भरली होती. ती कमरेवर घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांचा नाईक घळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. "बुवा, कोणता रंग?"

शास्त्रीबुवांनी पिशवीत हात घातला. पाचवे बुडकुले काढले. तीस वर्षांनी झाकण उघडले. आत काजळाचा खडा झाला होता. थोडे तेल घातले असते, तर भिजला असता.

"नाईक, तेल आहे का रे तुझ्याकडे?"

नाईकाने कुऱ्हाडीला लावायच्या तेलाची बुधली पुढे केली आणि आत डोकावून पाहिले. "अरे बापरे, काळी? बुवा, मागच्या काळ्या खुणेला मी दरबारात चवरी ढाळायला होतो. काय हसले होते लोक!"

शास्त्रीबुवांच्या कानात ते हसू पुन्हा वाजले. त्यांनी झाकण लावले.

"मग? तोडायची?"

शास्त्रीबुवांनी नुसती मान डोलावली. तेवढे पुरले.

पहिला घाव बसला आणि बुंध्यातून रक्तासारखा लाल चीक वाहिला. दोन गडी कुऱ्हाडी टाकून पळाले. नाईकाने त्यांना शिव्या घालून परत आणले. महिनाभरात राई आडवी झाली. घळीच्या अगदी माथ्याशी, जिथे चिखल कमरेइतका होता, तिथे मात्र कोणी उतरायला धजले नाही. तिथली अकरा झाडे राहिली. मग चर खणून चिखलातले पाणी काढले आणि पोफळीची रोपे लावली.

त्या पावसाळ्यात घळीतून पाणी धडधडत खाली आले आणि थेट समुद्राला गेले. शास्त्रीबुवा लेकीकडे राहायला आले. रोज ते झऱ्याजवळच्या दगडावर बसत. पोथी मांडीवर, कान पन्हळीकडे.

कार्तिकात एका ओवीत कळशी भरली. त्यांना हायसे वाटले.

पौषात तीन ओव्या लागल्या. बायका म्हणाल्या, "पन्हळ वाकडी झाली असेल." पन्हळ सरळ केली. तरी तीनच.

फाल्गुनात दहा लागल्या. आता बायका हसत नव्हत्या. दोघींत कळशीवरून भांडण झाले. शास्त्रीबुवा बोटांवर ओव्या मोजत आणि मध्येच मोजायला घाबरत.

चैत्रात सगळ्यांच्या ओव्या संपल्या, तरी कळशी अर्धीच राहिली.

शास्त्रीबुवा काठी टेकत घळीत चढले. काळ्या चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पोफळीची रोपे पिवळी पडून माना टाकून उभी होती. माथ्यावरच्या अकरा झाडांखाली मात्र चिखल ओलाच होता. बुवांनी एका गुडघ्याभोवती हात फिरवला. प्रत्येक गुडघ्याला पाणी अडत होते, जरा थांबत होते, मग हळूच पुढे झिरपत होते. अशा हजारो गुडघ्यांनी पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवले होते. ते झाड काही देत नव्हते. ते फक्त घाई करू देत नव्हते. आणि या कामासाठी त्यांच्याकडे रंगच नव्हता.

ते चिखलातच बसले.

मग ते दरबारात गेले आणि सगळे सांगितले.

राजाने विचारले, "म्हणजे ते काम तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, महाराज. पण ठाऊक नाही, एवढं मात्र ठाऊक होतं."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

शास्त्रीबुवांनी एकदा सगळ्या दरबाराकडे पाहिले. "आपण हसाल म्हणून."

कोणी हसले नाही. राजाची मान खाली गेली. त्याने शास्त्रीबुवांना शिक्षा केली नाही. ती झाली असती, तर बुवांना बरे वाटले असते.

वैशाखात पन्हळीतून थेंबही पडेना. चाळीस घरांनी दारे ओढून घेतली आणि पाण्याच्या शोधात वाडी सोडली. वेणू रिकामी कळशी घेऊन वडिलांसमोर थांबली.

"बाबा, त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा नुसतं म्हणायचं होतं ना, नाही ठाऊक."

ती पुढे गेली. तिने मागे पाहिले नाही.

शास्त्रीबुवांनी त्या दिवशी काजळाच्या खड्यात तेल घातले. धनेशांनी टाकलेले बी गोळा करून ते घळीत रोवायला सुरुवात केली. त्या झाडांचे गुडघे वर यायला एक पिढी जाणार होती, आणि ते पाहायला आपण नसू, हे त्यांना कळत होते. उरलेल्या वेळात ते पुन्हा सगळ्या रानात फिरले, सड्यापासून खाडीपर्यंत. ज्या ज्या झाडाविषयी मनात शंका आली, त्याच्यावर काळी खूण केली. वर्ष संपले तेव्हा अर्धे रान काळे झाले होते. गेरूच्या आणि चुन्याच्या खुणांखालीही त्यांनी एकेक काळा ठिपका दिला होता.

पुढे पुष्कळ वर्षे दरबारात त्या काळ्या खुणांची यादी वाचली जाई. कोणी हसत नसे. काळ्या घळीच्या खाली अजून वाडी नाही.

बोध : ‘मला माहीत नाही’ असे म्हणायला जो जाणता माणूस घाबरतो, त्याच्या भीतीची शिक्षा दुसऱ्यांना भोगावी लागते.