सोनकीची कोरी पाठ

नगर नव्हतं, राजा नव्हता, राजाच्या दोन राण्याही नव्हत्या. होतं एक मैदान. वेळूगावचं लाल मातीचं, रोज पाणी शिंपडून गार केलेलं मैदान. दोन टोकांना दोन गुळगुळीत खांब आणि खांबांच्या मधे ओळीने आखलेल्या आठ पांढऱ्या चौकटी. तिथे गावातल्या मुली खो-खो खेळायच्या. आठ जणींनी चौकटीत बसायचं, नवव्या मुलीने धावायचं. धावता धावता दमली, की तिने बसलेल्या एकीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं. मग ती उठायची आणि वाऱ्यासारखी सुटायची.

या मैदानावर सोनकी नावाची एक मुलगी यायची. इवलीशी, काटकुळी, डोळे मात्र टपोरे आणि सदा काहीतरी विचारणारे. तिची आई धान्याच्या गोणी शिवायची. सोनकीचा झगा एकच, आणि तो पाठीवर फाटला तेव्हा आईने त्याला गोणपाटाचंच ठिगळ लावलं. दुसरं कापड घरात होतं कुठे?

झालं! मुलींना तेवढं पुरे.

“ए, गोणपाट आली, गोणपाट! हात लावू नका गं, खाज सुटेल!”

मग त्यांनी काय केलं? सोनकीला लिंबूटिंबू केलं. लिंबूटिंबू म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. तिच्यासाठी खांबाच्या पल्याड एक वाकडीतिकडी नववी चौकट आखली. सोनकी रोज तिथे उकिडवी बसायची, उठायला अगदी तयार, पाठ ताठ. कोणीतरी येईल, पाठीला हात लावेल, ‘खो’ म्हणेल! पण पावलं धपधप येत आणि वळून निघून जात. पूर्ण एक वर्ष तिला एकही खो मिळाला नाही. आणि लोक म्हणत, “बघा, किती चांगल्या मुली! गरिबाच्या पोरीलाही खेळायला घेतात.” चांगल्या म्हणे!

एकदा काय झालं, मंजू नावाची सगळ्यात छोटी खेळाडू यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. खेळ शिकवणारे तात्या मिशी चोळत म्हणाले, “रविवारी पल्याडच्या वाडीशी सामना. मंजू नाही आली तर नववी म्हणून सोनकीला बसवू. काय करणार? नऊ तर भरायलाच हवेत.”

सोनकीच्या छातीत पाखरू फडफडलं. खरी चौकट! खरा खो!

आनंदाने ती मैदानामागच्या बागेत पळाली. वैशाख होता. बहावा असा फुलला होता, की झाडावर कोणी पिवळीधमक झुंबरं टांगली आहेत असं वाटावं. आणि खाली, पाकळ्यांच्या सड्यात, काहीतरी लुकलुकत होतं. काजवा? दिवसा? सोनकी वाकली. ती होती एक परी! करंगळीएवढी, हळदीच्या रंगाची, पंख पातळ पातळ, त्यांवर दवाची नक्षी. एक पंख सुतळीच्या गुंत्यात अडकला होता.

सोनकीने हात पुढे केला आणि थांबवला.

“हात लावू का गं?” तिने विचारलं. “दुखेल तिथे सांग हं.”

परीचे पिटुकले डोळे मोठे झाले. “लाव,” ती म्हणाली. मग सोनकीने एकेक धागा सोडवला. हळू, फार हळू. दुखलं की परी ‘स्स’ करायची आणि सोनकी लगेच थांबायची. सूर्य पार चिंचेच्या मागे गेला, तेव्हा कुठे पंख मोकळा झाला. परीने तो झटकला, तशी सोनेरी भुकटी रुमझुम उडाली.

“मी बहाव्याची परी,” ती म्हणाली. “पुष्कळांनी मला सोडवलंय, पण विचारून हात लावणारी तू पहिलीच. घे, या दोन पाकळ्या. दोन गोष्टी माग.”

“नवा झगा?” सोनकी पटकन बोलून गेली.

“थांब, थांब! माझे नियम ऐक. मागण्याआधी एका माणसाला एक प्रश्न विचारायचा. ज्याला तो प्रश्न कोणीच विचारलेला नाही, अशा माणसाला. आणि उत्तर शेवटापर्यंत ऐकायचं. दुसरा नियम, कोणाचं वाईट मागायचं नाही. तिसरा नियम सगळ्यात कठीण. दुसऱ्याचा हात आणि दुसऱ्याचं मन माझ्या जादूत येत नाही. ते मागशील तर पाकळी सुकेल.”

“असं का?”

“त्याचा मालक तोच असतो म्हणून.”

सोनकी विचार करत घरी निघाली. न विचारलेला प्रश्न कुठला बरं? वाटेत मंजूचं घर लागलं. मंजू पायरीवर एकटीच, भिंतीपासून चार बोटं दूर बसली होती. आणि सोनकीला एकदम उमगलं, मंजू का येत नाही हे मंजूला कोणी विचारलंच नाही! सगळ्यांनी नववी कोण एवढंच विचारलं.

खोटं कशाला सांगू, सोनकीचे पाय अडखळले. विचारलं आणि मंजू परत आली तर? मग ती वाकडी चौकट आहेच आपली. ती तिथे उभी राहिली, अंगठ्याने माती उकरत. पण तिचा स्वभावच चौकस. न विचारता तिला राहवेना, आणि मंजूचा कोमेजलेला चेहरा तर बघवेना.

“मंजू, तू खेळायला का येत नाहीस?”

मंजूचे डोळे भरून आले. “पाठ दुखते. हौसाताई खो देते ना, तो खो नसतो, धपाटा असतो. टेकूनसुद्धा बसता येत नाही. आईला सांगितलं तर म्हणते, खेळ म्हटला की लागायचंच.”

सोनकीने पाकळी मुठीत धरली. नवा झगा गेला वाऱ्यावर! “मंजूच्या पाठीचं दुखणं जाऊ दे,” ती पुटपुटली. पाकळी चमकली, विरघळली, आणि मंजू चकित होऊन भिंतीला टेकली. “अय्या! गेलं!”

दुसऱ्या सकाळी मंजू नाचत मैदानावर आली. सोनकी मुकाट्याने वाकड्या चौकटीत जाऊन बसली. डाव सुरू झाला. हौसा धावत आली. हौसा म्हणजे संघाची नायिका, उंच, दणकट, घोड्यासारखी पळणारी. मंजूच्या मागे थांबली आणि... धप्प! “खो!”

मंजू तोंडावर पडली आणि रडायला लागली. तात्या ओरडले, “रडायचं असेल तर घरी! ही काय बाहुलीची लग्नं आहेत?”

सोनकी तरातरा बागेत गेली. “परी, तुझी जादू कच्ची आहे!”

परी बहाव्याच्या घोसावर झोका घेत होती. “कच्ची नाही गं. दुखणं गेलं. हात होता तिथेच राहिला.”

“मग तो हातच बदल ना!”

“नियम काय सांगितला होता?”

 सोनकी नाकाचा शेंडा खाजवत म्हणाली, “बदलता येत नाही. पण विचारता तर येतं?”

परी नुसती हसली.

हौसा आडावर पाय धूत होती. तिला प्रश्न विचारायची कोणाची छाती? तरी सोनकी गेली.

“हौसाताई, धपाटा घालताना तुझ्या हाताला काय वाटतं?”

“काय गं ए लिंबूटिंबू, मस्ती आली का?” हौसा गरजली. सोनकी हलली नाही. उत्तर शेवटापर्यंत ऐकायचं होतं ना! हौसाने पाय धुतले, पुसले, परत धुतले. मग आपल्या तळहाताकडे बघत हळूच म्हणाली, “चुणचुणतो. संध्याकाळपर्यंत. पण हळू दिला की तात्या म्हणतात, भाकरी नाही खाल्लीस का? मलाही लहानपणी असाच मिळालाय. खो असाच असतो ना? जोर नको का?”

“तुझी पाठ दुखायची?”

 हौसाचा खांदा आपोआप आखडला, आणि सोनकीने ते पाहिलं.

सोनकीने दुसरी पाकळी काढली. “परी, ज्या पाठीवर जसा हात पडला असेल, तसा तो सगळ्यांना दिसू दे.”

कानाशी इवलासा आवाज आला. “तुझीही पाठ दिसेल हं, सोनुली.”

“दिसू दे की,” सोनकी म्हणाली. तिला काही कळलंच नव्हतं.

शनिवारची सकाळ उजाडली, गुलाबी, केशरी, मोरपंखी. मुली मैदानावर जमल्या आणि एकच गलका झाला.

“अगं, तुझ्या पाठीवर काय?”

“तुझ्यापण! अगं बाई!”

प्रत्येकीच्या पाठीवर हातांचे ठसे उमटले होते. डाळिंबासारखे लाल, कुंकवासारखे लाल, लालबुंद, रसरशीत. मंजूच्या एवढ्याशा पाठीवर पाच ठसे, एकावर एक. हौसाच्या पाठीवर तर मोजता येणार नाहीत इतके, जुने, गडद, जांभळट. मुली वळून वळून एकमेकींच्या पाठी बघू लागल्या. हसता हसता त्यांचं हसू विरलं. एकीने आपला पंजा मंजूच्या ठशावर धरून पाहिला. तो तंतोतंत बसला. तिने हात असा मागे घेतला, जणू तवाच लागला.

“रंगपंचमी केव्हाच झाली, आता हे काय?” तात्या तरातरा आले.

“तात्या,” मंजू म्हणाली, “तुमच्याही पाठीवर आहे.”

“काय आहे?”

“हात. केवढा मोठा आहे! काळपट.”

तात्यांनी मान वळवली. स्वतःची पाठ कोणाला दिसते? पण त्यांना ओळखायला दिसायची गरज नव्हती. ते खांबाला धरून खाली बसले. “आमच्या वस्तादांचा,” ते म्हणाले. “नऊ वर्षांचा होतो. मी समजत होतो, त्या थापेनंच मी खेळाडू झालो.” ते जरा थांबले. “खेळाडू तर आधीच होतो की. त्या दिवसापासून वस्ताद मागे आले की मी आधी पाठ वाचवायचो, एवढंच झालं.”

 तेवढ्यात मंजू ओरडली, “आणि सोनकीची पाठ बघा! कोरी!”

सगळ्या वळल्या. खरंच! गोणपाटाच्या त्या ठिगळावर एकही ठसा नव्हता, लाल नाही, निळा नाही. नितळ, कोरी पाठ.

“नशीबवान गं बाई!” एक जण म्हणाली.

“कोरी का?” हौसाने विचारलं.

 आत्ता कुठे सोनकीला परीचं बोलणं कळलं. “मला कोणी खो दिलाच नाही ना,” ती म्हणाली. “धपाटासुद्धा नाही.”

 लाल पाठी असलेल्या त्या मुली कोऱ्या पाठीकडे बघत राहिल्या. आणि खाज सुटेल म्हणणारीचे कान डाळिंबाहून लाल झाले.

तात्या उठले. त्यांनी आयुष्यात कधी मुलींना काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. त्या दिवशी विचारलं. “पोरींनो, तुम्ही दहा जणी, जागा नऊ. आणि हा हातांचा गोंधळ. काय करायचं? तुम्ही सांगा.”

“जोर आवाजात घालायचा,” मंजू पटकन म्हणाली. “हातात नाही. मला ऐकू येतं!”

“आणि आळीपाळीने खेळायचं,” हौसा म्हणाली. “उद्या पहिल्या डावात मी बाहेर बसते.”

“नायिका बाहेर?” तात्यांच्या भुवया वर गेल्या.

“बाहेरून ओरडेन की! माझा आवाज काय कमी आहे?”

सगळ्या खुदकन हसल्या. मग एकीने पायाने ती वाकडी चौकट पुसून टाकली. सोनकी खऱ्या चौकटीत बसली, आठव्या. डाव सुरू झाला. हौसा धावत आली, धप धप धप. सोनकीने डोळे गच्च मिटले. पावलं वळणार, नेहमीसारखी वळणार...

पावलं थांबली.

पाठीला काहीतरी लागलं. पाकळी पडावी इतकं हळू. आणि मागोमाग आवाज आला, खणखणीत, चिंचेवरचे पोपट उडवणारा, “खो!”

गोणपाटाच्या ठिगळावर एक पंजा उमटला. सोन्याचा! झगमगणारा, बहाव्याच्या रंगाचा. तुम्ही म्हणाल, परीने नवा रेशमी झगा दिला असेल. नाही बाई. तो झगा तोच राहिला, पण त्या ठिगळाला यापुढे नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती.

सोनकी उठली. वर्षभर साठवलेलं सगळं धावणं पायांत आलं. ती सुटली, गर्रकन खांबाला वळसा घातला, धूळ केशरी उडाली. दम लागला तेव्हा समोर मंजूची पाठ होती. पावलांचा आवाज ऐकून मंजूचे खांदे सवयीने कानांपर्यंत वर गेले.

सोनकीने तळहात अलगद टेकवला. आणि सगळ्या अंगातला आवाज काढला, “खो!”

मंजूचे खांदे खाली आले. ती हसत हसत पळाली, पाठीवर सोनं घेऊन.

मग खो मागून खो, आणि सोन्यामागून सोनं. लाल ठसे फिके होत गेले, पाठी उजळत गेल्या. आडोशाला उभ्या तात्यांच्या पाठीवर मंजूने जाता जाता चिमुकला हात टेकवला, तोही झगमगला. बहाव्यावरून एक हळदी ठिपका उडाला, सोनकीच्या नाकाशी क्षणभर थांबला, पंख उघडमीट केले. मैदानभर लख्ख पिवळा उजेड पसरला, इतका की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. हात काढले, तेव्हा परी नव्हती. ठसेही दिसेनात.

पण खेळ चालूच होता. अजून चालू आहे. संध्याकाळी वेळूगावच्या वेशीशी उभं राहिलात तर ‘खो’ ऐकू येईल तुम्हाला. धपाटा ऐकू आला तर मला येऊन सांगा, मग मी बघते.