तिन्हीसांजेचं विरजण

एकदा एका शहरात, फार पूर्वी नव्हे, लोक दहीसुद्धा फोनवरून मागवू लागले त्या काळात, एक वृद्ध गुरुजी राहत होते. ज्ञान अपार, गुडघे बेकार. त्यांचा एक शिष्य कंपनीत फार मोठा झाला होता, म्हणजे त्याला जेवायलाही सवड नव्हती. गुरुभक्ती मात्र अखंड! दूध, दही, भाजी, औषधं, सगळं तो फोनवरून गुरुजींच्या दारी पाठवी. गुरुजींना खुर्चीतून उठावं लागू नये, हे त्याचं व्रत. स्वतः मात्र दिवाळीलाच उगवे.

एका संध्याकाळी तो अवचित आला, दारावर कॅमेरा बसवायला. म्हणाला, "आता कोण आलंय ते मी ऑफिसातून बघत जाईन, गुरुजी."

"उत्तम! म्हणजे कुणी येत नाही, हे आता तुलाही दिसेल."

एवढं बोलून गुरुजींनी त्यानंच पाठवलेलं ताजं दही मांजराला घातलं. मांजर एखाद्या महंतासारखं सुटलं होतं. मग वाटी घेऊन गुरुजी समोरच्या दाराशी गेले. शिष्य थक्क होऊन मागोमाग.

समोर सरूवहिनी एकट्याच राहत. मुलगा परदेशी. "आलात? तुमच्या घरी दह्याला रोज पाय फुटतात का हो?"

"चमचाभर विरजण द्या, वहिनी."

"तिन्हीसांजेला विरजण देतात का कुणी? लक्ष्मी जाते घरातून. दिवा लागू दे. बसा तोवर."

गुरुजी बसले. वहिनींनी त्यांचं चुकीच्या काजात गेलेलं बटण दाखवलं, गोळी घेतली का विचारलं. फोनमधले नातवाचे कालचेच फोटो पुन्हा दाखवले. गुरुजींनी ते प्रथमच पाहतोय असे पाहिले. चांगलं अंधारल्यावर दिवा लागला आणि विरजण मिळालं.

घरी येताच शिष्य कळवळला, "माझं काही कमी पडलं का हो? दही मांजराला, आणि तुम्ही दारोदार!"

"वेड्या," गुरुजी म्हणाले, "दही तू पाठवतोस. पण 'बसा' कोण पाठवणार? नुसतं बसायला आलो म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि या म्हणायला त्यांची. म्हणून मी नेमका तिन्हीसांजेला जातो. आणि बाई बघ किती बेरकी, दिवा उशिराच लावतात. माणसाला माणसाची गरज उरू नये अशी सोय तू केलीस. मग मला गरज चोरून निर्माण करावी लागली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू घटकाभरात गप्पा मारायला माणूस पाठवला असतास!"

शिष्य हसला, आणि हसता हसता थांबला. त्याच्या स्वतःच्या घरीही सगळं वेळेवर येई. 'बाहेर ठेवून जा' ही सूचना त्यानंच लिहून ठेवलेली.

"गुरुजी, आज इथे जेवू?"

"जेव की. लोणचं तेवढं संपलंय."

शिष्याचा अंगठा सवयीनं फोनकडे गेला. गुरुजींनी फक्त भुवई उंचावली. फोन खिशात गेला. शिष्य समोरच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दिवसभर बटणं दाबणारा तो अंगठा बेलपाशी मात्र बराच वेळ अडला. शेवटी बेल वाजली.

"कोण आहे?" आतून हाक आली.

असं त्याला कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. "गुरुजींचा शिष्य," तो म्हणाला, "थोडं लोणचं हवं होतं."