बॉयंट मचवा

विलायतेहून परतलेल्या दिवाणसाहेबांना 'बॉयंट' हा इंग्रजी शब्द फार प्रिय होता. होडी तरंगते म्हणून ती बॉयंट, माणूस खुशीत असला की तोही बॉयंट. मग संस्थान का नको? त्यासाठी ओझी उतरवायची, म्हणून त्यांनी बारा म्हाताऱ्या खलाशांना काढण्याचा हुकूम लिहिला. तो पगडीत खोचून ते राजेसाहेबांच्या सहीसाठी खाडीपलीकडे निघाले.

बातमी धक्क्यावर आधीच पोचली होती. वाऱ्यात मचवा सरळ राहावा म्हणून तळाशी दगड भरलेले असतात. भिकाजी तांडेलाने ते सगळे काढून ठेवले.

खाडीत शीड फुगताच मचवा असा कलंडला, की पगडी पाण्यात गेली. दिवाणसाहेबांनी डोलकाठीला मिठी मारली. "भिकाजी, दगड कुठे आहेत?"

"नुसते तळाशी बसून असायचे, सरकार. उतरवले. आता मचवा बॉयंट झाला."

"मागे फिरव. आधी ते दगड भर."

"भरतो. आणि आमचे बारा म्हातारे?"

दिवाणसाहेबांनी दूर चाललेल्या पगडीकडे पाहिलं. "राहू देत त्यांनाही."

पगडी मात्र लाटांवर मजेत तरंगत होती. तिच्यात आता डोक्याचं ओझं नव्हतं.