भोक नसलेली वाटी

फार फार वर्षांपूर्वी, भिंतीवरची आणि मनगटावरची घड्याळं जन्मायच्या कितीतरी आधी, एक राज्य होतं. त्या राज्यात वेळ पाण्यावर मोजत असत.

तांब्याची एक वाटी असे. तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्यावर सोडली की भोकातून हळूहळू पाणी आत येई आणि भरली की वाटी बुडे. वाटी बुडली म्हणजे एक घटिका झाली. मग घंटा वाजवायची, वाटी रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची. याच वाटीच्या हिशोबाने राजवाड्याचे दरवाजे उघडत, बाजार भरे आणि खाडीवरची नाव सुटे. त्यामुळे नेमकी वाटी घडवणाऱ्याला मोठा मान होता. ती विद्या शिकवायला राजाने एक शाळाही काढली होती.

शाळेजवळ एक तळं होतं. दुपार कलली की तळ्याच्या पायऱ्यांवर काही म्हातारी माणसं येऊन बसत. आयुष्यभर वाट्या घडवून त्यांचे हात थकले होते, पण डोकी शाबूत होती. शाळेतल्या कुणाचं काही अडलं की ती मुलं तिथे येत आणि म्हातारी मंडळी त्यांना समजावून सांगत. त्याबद्दल काही घेत नसत. आवड होती, एवढंच.

अट एकच होती. आपली वाटी घेऊन यायचं. वाकडी असो, गळकी असो, लाज वाटावी इतकी ओबडधोबड असो. ती पाण्यात सोडायची, सगळ्यांनी गप्प बसून बघायची आणि मग विचारणाऱ्याने सांगायचं, की मला काय हवं होतं, काय होतंय आणि मी काय काय करून पाहिलं. पुष्कळदा सांगता सांगताच त्याला आपली चूक दिसे आणि तो उत्तर न घेताच घराकडे पळत सुटे. म्हाताऱ्यांना त्याचाच आनंद जास्त होई.

आता मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो तुम्हीही, यात अवघड काय आहे सांगा बरं? काही नाही. पण विसाजीला तेवढंही जमलं नाही.

विसाजी त्याच शाळेत शिकत होता. तो बुद्धीने कमी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच त्याची कीव कराल. शेवटच्या परीक्षेसाठी गुरुजींनी प्रत्येकाला घरून एक वाटी घडवून आणायला सांगितली होती. ज्याची किंवा जिची वाटी सगळ्यांत नेमकी, त्याची नेमणूक खाडीच्या धक्क्यावर वेळ मोजायला होणार होती. ती नेमणूक विसाजीला हवीच होती. आपल्यालाच मिळणार असं त्याने गावभर सांगूनही ठेवलं होतं. फक्त वाटी तेवढी करायची राहिली होती.

परीक्षा उद्यावर आली तेव्हा तो धावत तळ्यावर गेला आणि वरच्या पायरीवरूनच ओरडला, "तातडीचं आहे! फार तातडीचं आहे! कुणीतरी सांगा!"

पायऱ्यांवर भिवाआप्पा बसले होते. या मंडळींत तेच सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "बस जरा. काय अडलंय?"

"वाटी बुडत नाही."

"आणलीस का?"

"नाही."

"बरं. बुडत नाही म्हणजे काय होतं? कलंडते? अर्धी भरून थांबते?"

"बुडतच नाही ना, आप्पा! उद्या द्यायचीय!"

"ते कळलं रे. तू काय काय करून पाहिलंस?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच!"

आप्पांनी कपाळावर हात मारला. मीही इथे बसल्या बसल्या मारून घेतला.

मग विसाजीने कमरेचं ताडपत्र काढलं आणि गुरुजींनी लिहून दिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, "'एका घटिकेत बुडणारी वाटी घडवावी. काम स्वच्छ असावे. दुसऱ्याकडून करून घेऊ नये.' तर हे असं आहे. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

शेजारी गोदाक्का बसल्या होत्या. त्यांची जीभ जरा तिखट. त्या म्हणाल्या, "शेवटचं वाक्य पुन्हा वाच, बाळा."

विसाजीने पुन्हा वाचलं. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

"घरी जा आणि वाटी घेऊन ये. मग बोलू," आप्पा म्हणाले.

विसाजी निघाला, पण घरी गेला नाही. तळ्याला वळसा घालून तो पलीकडच्या पायऱ्यांवर गेला आणि तिथल्या मंडळींना तेच विचारलं, आधी कुणाला विचारलंच नाही अशा चेहऱ्याने. त्या बिचाऱ्यांनी वाळूत आकृत्या काढल्या, वाटीच्या जाडीवरून आपसांत भांडले, घसा कोरडा केला. इतक्यात अलीकडून आप्पांची हाक आली, "अहो, त्याला आमचं सांगून झालंय! वाटी आणायला पाठवलंय त्याला!" पलीकडच्यांनी हातातल्या काड्या टाकून दिल्या. विसाजीने मान खाली घातली आणि तो एकदाचा घराकडे वळला.

थोड्या वेळाने तो खरोखरच वाटी घेऊन आला. वाटीला पोचे होते आणि काठ चेपला होता. "ही बघा. किती ठोकली मी! तरी बुडत नाही," असं म्हणून त्याने ती पाण्यात सोडली.

सगळे गप्प बसून बघू लागले. वाटी तरंगत राहिली. एक चतुर येऊन तिच्या काठावर बसला आणि कंटाळून उडून गेला. उन्हं पायरीवरून खाली उतरली, तरी वाटी आपली तरंगतेच आहे. शेवटी गोदाक्कांनी ती उचलली, उलटी केली आणि नाकाशी नेली.

"विसाजी, हिला भोक कुठाय?"

"भोक लागतं?"

शाळेतल्या पहिल्या दिवसाचा पहिला धडा होता तो!

"आणि ही पितळेची आहे," गोदाक्का म्हणाल्या. "हिला आमटीचा वास येतोय. घरातली वाटी दगडाने ठेचून आणलीस, होय ना? आम्हाला काय खुळे समजतोस?"

विसाजीला शरम वाटायला हवी होती. त्याला राग आला. "एक वाटी करून द्यायला तुमचं काय जातं? मदत करायलाच बसलाय ना इथे? मग करा की!"

आप्पा उठले आणि काठी टेकत घरी गेले. गोदाक्काही गेल्या. मागे राहिले ते त्याच मंडळींतले तात्या. तात्या स्वभावाने फार मऊ. त्यांना वाटलं, जाऊ दे, पोरगं घाबरलंय. त्यांनी विसाजीला घरी नेलं आणि स्वतः घडवलेली एक सुरेख वाटी त्याच्या हातावर ठेवली. विसाजी ती घेऊन जो निघाला, तो मागे वळून 'येतो' म्हणायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी विसाजी पहिला आला आणि धक्क्यावर नेमला गेला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण झाला प्रकार शाळेत कळायचा राहतो थोडाच? दुपारी पायऱ्यांवर ही गर्दी, आणि सगळे रिकाम्या हातांनी! "तात्या कुठे बसतात?" "विसाजीला दिली, मग मला का नाही?" "मला फक्त तयार हवी, समजावून नको." जी मुलं खरोखर वाकड्या-गळक्या वाट्या घेऊन आली होती, त्यांना बसायला जागा उरली नाही. एक मुलगी आपली गळकी वाटी पदराखाली धरून कशीबशी आप्पांपर्यंत पोचली. आप्पा तोवर इतके वैतागले होते, की तिच्या हातात काय आहे हे न बघताच तिच्यावर खेकसले. ती रडत गेली आणि पुन्हा आली नाही. आपण काय केलं हे आप्पांच्या लक्षात आलं. ते त्यांच्या मनाला फार लागलं, आणि त्यांनी येणं सोडलं. मग गोदाक्कांनी सोडलं. तात्या तर लेकीच्या गावी निघून गेले. पायऱ्यांवर शेवाळ धरलं.

तिकडे धक्क्यावर काही काळ सगळं ठीक चाललं. भरती लागली की विसाजी घटिका मोजू लागे आणि पाणी पुरेसं चढलं की नाव सोडण्याची घंटा देई. पण पुढे वाटी दिवसेंदिवस उशिरा बुडू लागली. नाव उशिरा सुटायची आणि नावाडी कुरकुर करायचे.

विसाजीने वाटी निरखून पाहिली. भोकाभोवती हिरवट थर दिसत होता. त्याने फडक्याने पुसून पाहिलं, पाणी बदलून पाहिलं, पण फरक पडेना. मग वाटी घेऊन तो तळ्यावर गेला. काय होतंय, कधीपासून होतंय, काय करून पाहिलं, सगळं त्याने वाटेत मनाशी नीट जुळवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे खरा प्रश्न होता.

पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. त्याने हाका मारल्या. बराच वेळ वाट पाहिली. मग तो परत फिरला आणि घाबरून त्याने दाभणाने वाटीचं भोक मोठं केलं.

दुसऱ्या दिवशी वाटी भराभर बुडाली. पाणी चढायच्या आतच नाव सुटली आणि भर खाडीत वाळूच्या दांड्यावर आदळून कलंडली. कोळ्यांनी होड्या घालून माणसं वाचवली, पण म्हाताऱ्या नावाड्याचा पाय नावेखाली सापडला. तो पुढे कधी नीट चालला नाही.

विसाजीला कामावरून काढलं. घरी जाताना वाटेत गोदाक्कांचं दार लागलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. विसाजीने वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

गोदाक्कांनी भोकावरून बोट फिरवलं. "खाऱ्या पाण्याने तांब्यावर थर चढतो रे. चिंच लावून हलकेच चोळायचं होतं. एवढंच होतं. तेव्हा विचारायला का नाही आलास?"

"आलो होतो, अक्का. पायऱ्यांवर कुणी नव्हतं."

गोदाक्कांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. नव्हतं कुणी."

तात्पर्य: आधी स्वतः झटावं आणि मग विचारावं; सांगणाऱ्यांना नुसतंच राबवून घेतलं, तर खऱ्या अडचणीच्या दिवशी सांगायला कुणी उरत नाही.