बारा कांड्या आणि एक कुल्फी

भाषणाची हौस कुणाला नसते, पण तांबेवाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन आबासाहेब खराडे यांची हौस गाईंच्या मुळावर आली. नुसत्या कालवडीच जन्माव्यात म्हणून वळूच्या खास रेताच्या बारा कांड्या, म्हणजे काडीएवढ्या नळ्या, गावात आल्या होत्या. बर्फाहून गार भांड्यातून त्या काढल्या की लगेच वापरायच्या. आबासाहेबांनी भर वैशाखात त्या ताटात मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि अर्धा तास भाषण ठोकलं. गाईंना रेत भरणारी संस्थेची वत्सला म्हणत होती, "साहेब, उन्हानं रेत मरतं." तिला गप्प बसवलं गेलं.

मग त्याच कांड्या बारा गाईंना भरायला लावल्या. एकही गाय गाभण राहिली नाही. पुढच्या सभेत आबासाहेब कडाडले, "हिच्या हाताला गुण नाही. हिला काढून टाका."

वत्सला उठली. "काढा, साहेब. पण जाता जाता तुमचा सत्कार करू द्या."

सत्कार म्हटल्यावर आबासाहेब खुलले. तिनं त्यांच्या हातात मलई कुल्फी ठेवली. "आधी दोन शब्द बोला, मग खा."

दोन शब्दांचे दोनशे झाले. भाषणात संस्थेची इमारत उभी राहीपर्यंत कुल्फी मनगटावरून कोपरापर्यंत पोचली. बाया पदराआड आणि बाप्ये टोपीआड हसू लागले. शेवटी हातात नुसती काडी उरली.

"अगं बाई, आता खाऊ काय?" आबासाहेब वैतागले.

वत्सला शांतपणे म्हणाली, "कुल्फीवाल्याच्या हाताला गुण नाही, साहेब. त्यालाही काढून टाका."