थांबतळे

मुलांना गप्प बसवून त्यालाच शिस्त म्हणणाऱ्यांनी एकदा आंबेशिवर गावच्या या तळ्याकाठी उभे राहून दाखवावे. काठावर शाळा आहे. पडवीत दप्तरांच्या शेजारी पोहायला शिकण्याचे वाळके भोपळे टांगलेले असतात, आणि रोजची प्रार्थना मध्येच तोडली जाते. असे का, ते गावातल्या दगडूतात्यांनी एका सकाळी आम्हां पाहुण्यांना सांगितले.

फार पूर्वी इथे एका पंतोजींची शाळा भरे. मुले पाढे असे म्हणत की वाटसरू थबकत, म्हणे. नियम एकच: पाढे सुरू झाले की मध्ये दुसरा शब्द नको. एकदा परगावचे मानकरी परीक्षा घ्यायला आले. पाढे सुरू झाले आणि हात धुवायला गेलेला लहानगा रखमाजी पाय घसरून तळ्यात पडला. मुलांना पाण्यावरचा हात दिसत होता. नियम मोडायचे धैर्य कुणाला होईना. जीव तळमळला तशी ती पाढेच मोठमोठ्याने म्हणू लागली. पंतोजींची पाठ तळ्याकडे होती.

"बघा, आज आवाज कसा लागलाय!" ते मानकऱ्यांना म्हणाले.

पाढे संपले तेव्हा पाणी शांत झाले होते.

रखमाजीची आई आली. ती रडलीसुद्धा नाही, असे सांगतात. एवढेच म्हणाली, "इतकी पोरं तोंड उघडून बसली होती. हाक कुणीच मारली नाही?"

पंतोजींना मान वर करता आली नाही. पाण्यात उभे राहून त्यांनी शपथ घेतली, की हाक मारायला आणि हाकेला धावायला आल्याशिवाय माझ्या शाळेत कुणी पाढा शिकणार नाही. मग कमरेला भोपळे बांधून, पांढऱ्या मिशांनिशी, ते तळ्यात मासे धरणाऱ्या भोयांकडून पोहायला शिकले. काठावरून लोक ओरडत, "पंतोजी, बुडालात तर पाढा म्हणू का?" ते पुढचा हात मारत.

आजही प्रार्थना अर्ध्यावर आली की एखादे मूल "थांबा!" म्हणून ओरडते. बाई विचारतात, "आपल्यात कोण गप्प आहे?" मुले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुणाचे पोट दुखत असते, कुणाच्या घरी भांडण झालेले असते. त्याची विचारपूस झाल्यावरच प्रार्थना पुढे सरकते.

त्या सकाळी गोष्ट ऐकून आम्हीही प्रार्थनेला उभे राहिलो. बाईंनी विचारले तेव्हा पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली. तिने आमच्याकडे बोट केले.

"बाई, हे पाहुणे. मघापासून खालीच बघतायत."