टिपरीचा श्वास

एका चिंचेभोवती माणसांची वस्ती नव्हती तेव्हाची गोष्ट. त्या चिंचेच्या ढोलीत शेवंती खार राहायची. तिच्या आईनं जमवलेल्या कापसानं आणि पिसांनी तिची ढोली गच्च भरलेली होती. पण तिच्या लेकीला, टिपरीला, सारखी धाप लागायची.

सुतारपक्षी म्हणाला, "शेवंतीबाई, या पिसांत धूळ आणि बुरशी साठलीय. पोरीला तीच बाधते."

"आईची आठवण आहे ती!" शेवंती चिडली.

त्याच दुपारी टिपरीचा श्वास कोंडला. शेवंतीनं तिला उन्हात फांदीवर बसवलं आणि सगळी पिसं, सगळा कापूस खाली फेकला.

"काय हे बोडकं घर!" शेजारणी हसल्या.

महिन्याभरानं टिपरी एका दमात शेंड्यावर पोचली. शेवंती मान ताठ करून शेजारणींना म्हणाली, "ती वरची, माझी लेक."